गॅस गिझरचं गरम पाणी न्हाणीत उशिरा येतं? गिझर बदलण्याआधी हे तपासा

दिवाळी आटोपली, तुरीला फुलं धरली आणि पहाटे अंगावर शाल आली की आमच्या दर्यापूर-अंजनगाव भागात एक तक्रार दरवर्षी सुरू होते. नळ सोडला की मिनिट-दीड मिनिट थंडगार पाणीच येतं, मग कुठे कोमट होतं, नीट गरम व्हायला लागतं तोवर अर्धी बादली वाहून गेलेली असते. एकाची आंघोळ होऊन दुसऱ्याची पाळी आली की पुन्हा तेच. उन्हाळ्यात हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण वैशाखात स्लॅबवरच्या टाकीतलं पाणीच हात पोळतं. कसोटी लागते ती हिवाळ्यात.

मी नळफिटिंगची आणि गिझर-दुरुस्तीची कामं करतो. या तक्रारीवर लोक दोनच उपाय करतात. एक तर गिझर बदलतात, नाही तर गिझर उचलून न्हाणीच्या आत लावतात. पहिल्या उपायात पैसे जातात आणि त्रास तसाच राहतो. दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. म्हणून आधी त्याच्याबद्दलच बोलतो, पाइपांचं नंतर.

गिझर आत घेऊ नका

मागच्या गल्लीतले एक काकाजी मला म्हणाले, "भाऊ, पाईप लांब पडते म्हनून पानी उशिरा येते, हे समजलं मले. मंग त्याले आतच घेऊन टाकू ना, दोन फुटावर." तर्क चुकीचा नाही. पाइप आखूड झाला की पाणी लवकर येतं, हे खरंच आहे. पण आता हा हिशोब बघा.

6 लिटरचा (म्हणजे मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा) गॅस गिझर पूर्ण आचेवर चालला की तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला 12 घनमीटरच्या आसपास हवा लागते. आपली न्हाणी किती मोठी असते? 4 बाय 6 फूट, उंची 8 फूट. म्हणजे आत सगळी मिळून साडेपाच घनमीटरसुद्धा हवा नाही. दार लावून दहा मिनिटं गिझर चालला की त्या खोलीतल्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त हवेतला प्राणवायू खर्च होतो. पाठोपाठ दोघांनी आंघोळ केली तर किती उरेल, ते तुम्हीच ठरवा.

प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं, म्हणून तो थोडा असला तरी घात करतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि माणूस आतून लावलेली कडी काढायच्या आधीच खाली पडतो. बाहेरच्यांना वाटतं, आंघोळीला वेळ लागतोय.

"मंग एक्झॉस्ट फॅन लावतो," असं पुष्कळ जण म्हणतात. आपल्याकडची लाइन पहाटे कधी जाईल याचा नेम नाही. लाइन गेली की फॅन बंद पडतो. गिझर मात्र सेलवर पेटतो, तो चालूच राहतो. नवीन गिझरमध्ये प्राणवायू कमी झाला की ज्योत बंद करणारा सेन्सर असतो, काहींत 20 मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. हे असलेलं चांगलंच. घेताना आयएसआयची खूण आणि आयएस 15558 हा क्रमांकही बघून घ्या. पण सेन्सरच्या भरवशावर पोरांना बंद खोलीत आंघोळीला पाठवायचं नाही.

आधीच आत लावलेला असेल तर आजपासूनच वापर थांबवा. चुलीवर नाही तर बंबात पाणी तापवा, चार दिवस निघतात. कोणी आंघोळीला जाऊन हाकेला ओ देत नसेल तर वाट बघत बसू नका. दार तोडा, माणसाला उघड्या अंगणात आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा.

दोष कुठे आहे, ते घड्याळ लावून शोधा

"गरम पाणी येत नाही" या एका तक्रारीत तीन वेगवेगळे दोष असू शकतात. पाणी गरम येतं पण उशिरा. पाणी वेळेवर येतं पण धार बारीक. किंवा गरम-थंड, गरम-थंड असं होत राहतं. या तिन्हींची कारणं वेगळी आहेत. दुकानदाराला फोनवर नुसतं "गिझर बरोबर नाही" सांगितलं तर तो नवीन गिझरच सुचवणार.

सामान घरातलंच लागतं: मोबाइलमधलं घड्याळ आणि एक लिटरची बाटली. सकाळी, रात्रभर पाइप थंड झालेला असताना करा. न्हाणीतला गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा. एकाने गिझरपाशी उभं राहायचं, एकाने न्हाणीत. नळ सोडल्यापासून ज्योत पेटेपर्यंत किती सेकंद गेले, गिझरमधून निघणारा पाइप हाताला गरम कधी लागला आणि न्हाणीत गरम पाणी कधी आलं, हे तीन आकडे लिहून घ्या. मग बाटली भरायला किती वेळ लागतो ते बघा. बाटली 20 सेकंदांत भरली तर मिनिटाला 3 लिटर धार आहे, 12 सेकंदांत भरली तर 5 लिटर.

ज्योत लगेच पेटली, गिझरजवळचा पाइप दहा-पंधरा सेकंदांत गरम झाला आणि न्हाणीत मात्र दीड मिनिट लागलं, तर गिझर निर्दोष आहे. दोष पाइपात आहे. ज्योत पेटायलाच वेळ लागत असेल तर पाण्याचा दाब, सेल किंवा डायफ्राम (आतला रबरी पडदा) बघा. पेटून विझत असेल तर दाब किंवा मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा नळ). ज्योत मोठी निळी आहे पण पाणी कोमटच आहे, तर प्रवाह जास्त आहे किंवा येणारं पाणी फारच थंड आहे. आणि धार बारीक होऊन पाणी कढत येत असेल तर आत खार, म्हणजे चुन्याचा थर, बसला आहे.

पाइप: जाड पाइप टाकला म्हणून लवकर येत नाही

ज्या काकाजींचा उल्लेख केला, त्यांच्याकडे गिझर स्वयंपाकघरामागच्या पडवीत होता आणि न्हाणी अंगणाच्या पलीकडे, गोठ्याच्या बाजूला. जुन्या घरांची रचनाच तशी असते. मधला पाइप पन्नास फुटांचा, आणि फिटिंगवाल्याने तो एक इंची टाकलेला, का तर जाड पाइपातून पाणी लवकर येईल. गिझरपाशी पाइप चटकन गरम होत होता. न्हाणीत पोहोचायला मात्र दोन मिनिटं जात होती.

नळ सोडला की पाइपात रात्रभर साचलेलं थंड पाणी आधी बाहेर पडणार, त्यानंतरच गरम पाण्याची पाळी. पाइप जेवढा जाड, तेवढं साचलेलं पाणी जास्त. सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा) अर्धा इंची पाइप मीटरला सुमारे 120 मिली पाणी धरतो, पाऊण इंची 250 मिली, एक इंची 430 मिली. पन्नास फुटांना म्हणजे 15 मीटरला हे अनुक्रमे पावणेदोन, पावणेचार आणि साडेसहा लिटर होतं. मिनिटाला 3 लिटर धार असेल तर एक इंचीत दोन मिनिटांवर वाट बघणं आलं, पाऊण इंचीत सव्वा मिनिट, अर्धा इंचीत 35-36 सेकंद. वर पाइप स्वतः तापायला थोडी उष्णता खातो ती वेगळी.

मग सगळीकडे अर्धा इंची टाकायचा का? नाही. इथे शहरातली माहिती गावात जशीच्या तशी लागू होत नाही. आपल्याकडे दाब येतो तो फक्त टाकीच्या उंचीमुळे, आणि ती उंची मुळात कमी. बारीक पाइपात पाणी घासतं आणि दाब खर्च होतो. मिनिटाला 5 लिटर पाणी अर्धा इंचीतून 15 मीटर न्यायचं तर जवळपास तीन फूट उंचीएवढा दाब त्यातच जातो. आपल्याकडे एकूणच सात-आठ फूट असतात. म्हणून माझा ठोकताळा असा: गिझर ते नळ अंतर 15-20 फुटांपर्यंत असेल तर बिनधास्त अर्धा इंची. त्याहून लांब असेल तर पाऊण इंची, पण आधी अंतर कमी करता येतं का ते बघायचं. गरम पाण्याच्या लाइनला एक इंची कधीच नाही. टाकीकडून गिझरकडे येणारी थंड पाण्याची लाइन मात्र जाड हवी, शक्यतो स्वतंत्र, एक इंची. दाब तिथे टिकवायचा असतो.

अंतर कमी करायची सुरक्षित रीत म्हणजे न्हाणीच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने गिझर लावणं. भिंतीतून एक भोक पाडून पाइप थेट आत घ्यायचा, चार-पाच फुटांत काम होतं. काकाजींकडे आम्ही हेच केलं. वर टिनाचं छत घातलं, बाजू मोकळ्या ठेवल्या. भिंतीत झरोका असेल तर गिझर त्याच्या अगदी खाली येऊ देऊ नका, धूर वर जाऊन आत शिरतो. जोराच्या वाऱ्याने ज्योत विझते, म्हणून वाऱ्याच्या बाजूने एक आडोसा करायचा, पण चारही बाजूंनी डबा करायचा नाही. तसं केलं तर ती दुसरी न्हाणीच झाली.

सिलिंडरही तिथेच बाहेर सावलीत, उभा. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला टी (तीन तोंडांचा जोड) मारून लांबवर रबरी नळी ओढलेली मी बघतो तेव्हा मन धास्तावतं. सुरक्षा नळी दीड मीटरपर्यंतच वापरायची असते. त्याहून लांब न्यायचं असेल तर धातूचा पक्का पाइप, आणि तो गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच बसवून घ्यायचा. पाण्याचा पाइप गळला तर फरशी ओली होते, गॅसचा गळला तर घर जातं.

पाइपावर चढवायची काळी फोमची नळी मिळते. ती पहिल्या आंघोळीचा उशीर कमी करत नाही, कारण रात्रभरात पाणी थंड होतंच. पण दोन आंघोळींमध्ये दहा-पंधरा मिनिटं गेली तरी पाइप गरम राहतो. घरात पाच-सहा माणसं एकामागे एक जाणारी असतील तर चढवा. भिंतीच्या बाहेरून उघड्यावर गेलेल्या पाइपाला तर नक्कीच.

आणखी एक. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात या उशिराचा त्रास निम्मा आपोआप मिटतो. पाइपातलं थंड पाणी बादलीत पडू द्या, गिझर जरा जास्त गरमवर ठेवा, बादली भरेपर्यंत बरोबर मिसळण झालेली असते. गरम येईपर्यंत पाणी मोरीत सोडून द्यायची सवय शॉवरमुळे लागली. ज्या गावात मार्च लागला की बोअर हवा ओढायला लागते, तिथे माणशी चार लिटर वाया घालवणं मला बघवत नाही.

दाब: टाकी बघा, मग गिझर

गॅस गिझर नळ सोडल्याने पेटतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पाणी वाहायला लागलं की आतला रबरी डायफ्राम दबतो, तो एक पिन ढकलतो, पिन स्विच दाबते, सेलवर ठिणगी पडते आणि गॅस उघडतो. धार पुरेशी नसेल तर यातलं पहिलंच पाऊल पडत नाही. बहुतेक गिझरना पेटायला मिनिटाला अडीच-तीन लिटर धार लागते. नेमका आकडा गिझरवरच्या पट्टीवर असतो.

आता आपली टाकी बघा. स्लॅब दहा फुटांवर, टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली, गिझर पाच फुटांवर. टाकी भरलेली असेल तर पाण्याची पातळी गिझरच्या आठ-नऊ फूट वर. टाकी निम्म्याच्या खाली गेली की त्यातले दोन फूट गेले, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा दाब गेला. म्हणून काल संध्याकाळी चांगला चालणारा गिझर आज पहाटे पेटत नाही. रात्री भांडी, गुरांचं पाणी, सगळं होऊन टाकी खाली गेलेली असते. तक्रार फक्त सकाळचीच असेल तर आधी वर चढून टाकीत डोकावा.

यावर दाब वाढवणारा छोटा पंप लावतात. शहरात ठीक आहे. गावात मी टाकी उंच करायलाच सांगतो, चार-पाच फुटांचा विटांचा किंवा अँगलचा ओटा. एकदाच खर्च होतो आणि लाइन असो-नसो, दाब तेवढाच मिळतो. फक्त 500 लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन 500 किलो होतं. ओटा भिंतीच्या किंवा बीमच्या वर यायला हवा, स्लॅबच्या मधोमध नको. टिनाच्या घराला टाकीसाठी बाजूला स्वतंत्र मनोराच उभारावा लागतो.

टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली आणि तेव्हापासून गरम पाण्याची धार गुरगुरत, तुटत येत असेल तर पाइपात हवा अडकली आहे. नळयोजनेच्या पाण्यावर असलेल्या घरांत, जिथे पाणी दिवसाआड येतं, हे फार होतं. टाकीतून उतरणाऱ्या पाइपाला वरच एक टी लावून टाकीच्या उंचीच्या वर जाणारी उघडी नळी बसवून ठेवायची. हवा तिथून निघून जाते, कायमचं काम होतं.

गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी नट उघडला की आत एक छोटी जाळी सापडते. टाकीतला गाळ, शेवाळ, पाइप कापल्याचा भुसा तिथेच अडकतो. जुन्या ब्रशने दोन मिनिटांत साफ होते. कित्येक घरी पूर्ण दुरुस्ती एवढीच असते. शॉवरची भोकं आणि नळाच्या तोंडाची जाळीही त्याच वेळी बघून घ्या.

दाबाशी जोडूनच एक गोष्ट सांगतो, ती गिझरच्या पुस्तकात मिळणार नाही. डिसेंबरच्या पहाटे टाकीतलं पाणी 14-15 अंशांवर उतरतं. बोअरचं किंवा विहिरीचं ताजं पाणी तेव्हाही 25 अंशांच्या आसपास असतं, म्हणून तर ओलित करणाऱ्यांना ते पहाटे कोमट लागतं. आंघोळीला 40 अंश हवं असेल तर टाकीतल्या पाण्याला 25-26 अंश चढवावे लागतात, ताज्या पाण्याला 15. त्याच गॅसवर ताज्या पाण्याची धार दीडपटीपेक्षा जास्त मिळते. सकाळी लाइन असेल तर आंघोळीआधी मोटर लावून टाकी भरा. पाणी वाढलं, दाबही वाढला आणि गिझरचं कामही हलकं झालं.

मिक्सर: गरम-थंड होण्याचं नव्या घरांतलं कारण

घरकुलात किंवा नव्या बांधकामात हल्ली मिक्सरचे नळ लागतात. गिझर पाणी तापवतो कढत, आपण त्यात थंड मिसळायला जातो. थंड पाण्याची लाइन सरळ टाकीवरून येते, तिचा दाब जास्त. गरम लाइन गिझरच्या कॉइलमधून (पाणी जिच्यात तापतं त्या तांब्याच्या नळीतून) दमून आलेली. थंड बाजू जराशी उघडली की ती गरम बाजूला मागे रेटते, गिझरमधली धार कमी होते, ज्योत विझते. अंगावर एकदम थंड पाणी. आपण थंड बंद करतो, गिझर पुन्हा पेटतो, पाणी पुन्हा कढत. आंघोळभर हाच खेळ.

मिसळायचंच नाही, हा उपाय. गिझरवर पाण्याची कळ आणि गॅसची कळ असते, बऱ्याच ठिकाणी उन्हाळा-हिवाळा अशी तिसरीही असते. पाण्याची धार वाढवली की तापमान उतरतं, गॅस कमी केला की उतरतं. एकदा नीट बसवा आणि फक्त गरमचाच नळ सोडा. मिक्सर वापरायचाच असेल तर थंड लाइनचा अँगल कॉक अर्ध्याहून जास्त बंद करून ठेवा.

मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं का, हे ओळखणं सोपं आहे. गिझरला येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरमचा नळ सोडा. पाइपातलं थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. धार चालूच राहिली तर थंड पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून आडवाटेने येतंय. त्या मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज बदलायचं, गिझर नाही.

खार: बोअरच्या पाण्याचा हिशोब

पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलंच पाणी खारट असलेला भाग, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला. पिण्याला शहानूर धरणाच्या योजनेचं पाणी येतं, पण आंघोळीच्या टाकीत बोअरचंच चढवणारी घरं पुष्कळ. मीठ असलेलं पाणी आणि चुना असलेलं जड पाणी एकच नव्हे. मीठ तापवल्यावर पाण्यातच राहतं, चुना मात्र तापवला की वेगळा होऊन कॉइलला चिकटतो. पठारावरच्या, संत्र्याच्या बागांच्या भागातही खोल बोअरचं पाणी जड निघतं. ओळख साधी आहे: साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. मोजायचं असेल तर पाण्याचा नमुना तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरला आहे, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचा असतो.

पाणी 60 अंशांच्या वर गेलं की चुना झपाट्याने बसतो. थर बसला की वाट अरुंद होते, धार कमी होते, धार कमी झाली की कॉइलमधलं पाणी आणखी तापतं आणि थर आणखी वाढतो. म्हणून जड पाण्याच्या गावात गिझर कढतवर ठेवून थंड मिसळण्यापेक्षा हवं तेवढंच गरम करणं हिताचं.

साफ करायला किराणा दुकानातलं लिंबूफूल पुरतं. आधी गॅस बंद, सेल बाहेर, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, कॉइल थंड होऊ द्यायची. गिझरचे दोन्ही पाइप सोडा आणि दोन्ही तोंडांना पारदर्शक नळीचे तुकडे लावून टोकं गिझरच्या वर उभी बांधा. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूफूल विरघळवून एका नळीतून नरसाळ्याने हळूहळू ओता. थोड्याच वेळात दुसऱ्या नळीतून बुडबुडे वर यायला लागतात. बुडबुडे आले म्हणजे आत चुना आहे आणि तो विरघळतोय. ते थांबेपर्यंत ठेवा, साधारण अर्धा-पाऊण तास, मग खाली बादली धरून सोडा. बादलीच्या तळाशी पिवळट-पांढरी पापुद्र्यांची रेती दिसते, बोटाने चुरली की पिठासारखी होते. बुडबुडे पुन्हा येत असतील तर नवीन द्रावण घालून आणखी एकदा. शेवटी पाच मिनिटं साधं पाणी वाहू द्या, मगच जोडा.

संडास धुण्याचं तेजाब यात घालू नका. ते चुना झटकन काढतं हे खरं, पण सोबत तांब्याची नळी आणि पितळेचे जोडही खातं. पुढच्या हिवाळ्यात कॉइल गळते.

गॅस आणि सेल

नळ सोडल्यावर टिकटिक बराच वेळ होते आणि मग भप्पकन पेटतं, असं असेल तर आधी दोन्ही सेल बदला, दोन्ही एकदमच. एक जुना एक नवा चालत नाही. तसं उशिरा भपका होऊन पेटणं चांगलं नाही, आत गॅस साचलेला असतो. सेल बदलूनही तसंच होत असेल तर बर्नर उघडून बघायला हवा. उन्हाळाभर बंद पडलेल्या गिझरमध्ये कोळी जाळं करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, भोकं बुजतात. ज्योत पिवळी दिसली, वर काजळी धरली की समजायचं. दसऱ्याच्या साफसफाईत गिझरचं झाकण काढून मऊ ब्रश मारला तर हिवाळा सुखात जातो.

थंडीत संपत आलेल्या सिलिंडरचं बाष्प कमी बनतं, ज्योत लहान होते, पाणी कोमट येतं. शेगडीवर काही जाणवत नाही, कारण तिला गॅस कमी लागतो. सिलिंडर बदलून बघा, एवढंच. सिलिंडर आडवा करणं, गरम पाण्यात ठेवणं, हे कोणी सांगितलं तरी करू नका.

डायफ्राम दोन-चार वर्षांत कडक होतो. सेल नवे, टाकी भरलेली, जाळी साफ, तरी स्विच लागत नसेल तर तोच. भाग स्वस्त असतो, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा मागा.

सोलर असलेल्यांसाठी

स्लॅबवर सोलर बसवलेल्या घरांतही हीच तक्रार असते आणि पाइपाचा हिशोब तोच लागू होतो. ढगाळ दिवसांसाठी सोबत गॅस गिझरही ठेवला असेल तर सोलरचं पाणी गिझरच्या तोंडाला जोडू नका. 60 अंशांचं पाणी आत गेलं आणि वरून ज्योत लागली तर नळाला अंग भाजेल असं पाणी येतं. दोघांच्या लाइनी वेगळ्या आणा, न्हाणीबाहेर प्रत्येकीला एक व्हॉल्व्ह आणि एक एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवा, आणि व्हॉल्व्हवर रंगाने लिहून ठेवा कुठला कशाचा, म्हणजे घरातल्या आजीलाही पहाटे कोणाला उठवावं लागणार नाही.